सायकलीच्या पोटातलं तळं

ऑगस्टच्या शेवटी माझ्या सायकलीला कटकट लागली. पायडल मारलं की खालून आवाज यायचा, सोडलं की थांबायचा. खोपटमधल्या जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आवाज ऐकलाही नाही. सीट नळीसकट वर ओढून काढली आणि सायकल उलटी धरली. फ्रेममधून कपभर तांबूस पाणी भळाभळा फरशीवर सांडलं.

"ठाण्यात तलाव कमी पडले म्हणून एक सायकलीतही ठेवलाय होय तुम्ही?" काका म्हणाले.

सिद्धेश्वर तलावाच्या शेजारात राहणाऱ्याला हा टोमणा लागायलाच हवा होता. पण त्यात माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. सीटखालची नळी, पुढून उतरणारी तिरकी नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे एक आडवं नळकांडं असतं. पुस्तकात त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, दुकानात नुसतं 'बीबी'. पायडलचे दोन दांडे, म्हणजे क्रँक, जोडणारा एक्सल याच्या आत बेअरिंगवर फिरतो; त्या एक्सल-बेअरिंगच्या जोडणीलाही बीबीच म्हणतात. नळकांडं हा फ्रेमचा सगळ्यात सखल भाग. सीटच्या फटीतून शिरलेलं पाणी उतरत उतरत इथे येतं आणि वाट नसेल तर इथेच राहतं. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इथली बीबी किती टिकेल, याचा हिशोब पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

साडेपाच लाख फेरे

पाणी सोडलं तरी बीबीवरचा भार काही थोडा नसतो. 28 इंची चाकाची साधी काळी सायकल घ्या. पुढे 44 दात, मागे 18. पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला 180च्या वर फेरे. 1962 साली एमआयडीसी आली आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट ठाण्यात उभी राहिली, तेव्हापासून आसपासच्या वस्त्यांतून कितीतरी कामगार सायकलवरून पाळीला जात. येऊन-जाऊन दहा किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एक्सलचे साडेपाच लाख फेरे होतात.

हे फेरे हलके झाले ते छर्‍यांमुळे. ज्यूल सुरिरे या फ्रेंच कारागिराने 1869 मध्ये सायकलीच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅरिस ते रुआं शर्यत जेम्स मूरने छर्‍यांच्या बेअरिंगवरच जिंकली. पण एकसारखे गोल छरे स्वस्तात मिळेनात. 1883 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रिडरिश फिशरने छरे घासण्याचं यंत्र बनवलं, तेव्हा ते सामान्य माणसाच्या सायकलीत आले.

पाव इंची छरे, दोन कप आणि मधे एक्सल ही रचना आपल्याकडच्या काळ्या सायकलींत पुढे कायम राहिली. अ‍ॅटलस 1951ची, हिरो 1956ची. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनीच बंद पडला. पण तशा सायकलींचे छरे आणि एक्सल दुकानातल्या डब्यांत अजून मिळतात.

या जुन्या बीबीला सतत काळजी लागते. कप-एक्सलच्या पोलादाचा वरचा थरच काय तो कडक असतो. ग्रीस पाण्याने दुधाळ झालं की गंज धरतो, त्या थराला बारीक खड्डे पडतात आणि मग झीज वेगाने वाढते. पायाचा सगळ्यात जास्त जोर प्रत्येक फेऱ्यात दोनदा, क्रँक आडवी असताना येतो. त्यामुळे एक्सलही समोरासमोरच्या दोन जागीच झिजतो. चौकोनी टोकाचा एक्सल असेल तर काका तो क्रँकमध्ये पाव वळण फिरवून बसवतात. न झिजलेली बाजू भाराखाली येते आणि काम आणखी काही दिवस निभावतं.

क्रँक एक्सलवर कॉटर नावाच्या खिळीने बसवलेली असेल, तर घात होतो तो हातोड्याने. कॉटर ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकवायचा असतो. नाही टेकवला, तर घाव छर्‍यांतून जाऊन कपाला खळगे पाडतो. मग बीबी किती का घट्ट करा, गचके देतच फिरते.

आट्यांचीही एक गंमत आहे. ब्रिटिश मापाच्या बीबीत चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. क्रँक पुढे फिरते तशी भाराची दिशा कपाभोवती फिरते आणि कप हळूहळू उलट्या दिशेने सरकू पाहतो. सरळ आटे असते तर रोजच्या चालवण्यानेच तो सैल झाला असता. इटालियन फ्रेममध्ये दोन्हीकडे सरळ आटे, म्हणून तिथला उजवा कप ढिला पडण्याची तक्रार जुनीच आहे.

न उघडणाऱ्या डब्या

माझ्या सायकलीत पुढच्या पिढीची बीबी होती. चौकोनी एक्सल आणि त्याची बेअरिंगं एकाच बंद नळीत. तिला ग्रीस भरायचं नाही, घट्ट-सैल करायचं नाही. रबरी सील शाबूत असेतो ती वर्षानुवर्षं विनातक्रार चालते, म्हणून आपल्या हवेत मला आजही हीच सगळ्यात शहाणी निवड वाटते. पण तळं साचलं की सील हार खातं आणि मग ती थेट भंगारातच जाते. "हिला फक्त बदलायची," माझी बीबी टोपलीत टाकत काका म्हणाले. क्रँकचा बोल्ट मात्र सैल राहू देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक त्याने गोलसर होतं आणि क्रँकच बाद होते.

1990च्या दशकात कंपन्यांना एक्सल जाड, पोकळ आणि हलका हवा झाला. शिमानोचा ऑक्टालिंक आला, पाठोपाठ इतरांचा आयसिस. पण नळकांडं तेवढंच राहिलं. एक्सल जाड झाला तशी छर्‍यांची जागा आक्रसली. बेअरिंगचं गणित निर्दय असतं : छऱ्यांच्या ताकदीच्या मानाने भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या भागावर येतं. बारीक छर्‍यांच्या आयसिस बीबी लवकर जातात, अशी त्यांची ख्याती झाली.

2003च्या सुमारास शिमानोने हॉलोटेक-2 मध्ये बेअरिंगं नळकांड्याबाहेर काढली. एक्सल 24 मिलिमीटरचा, छरे मोठे. बेअरिंगं पोटातल्या तळ्यातून सुटली, पण चाकाने उडवलेला चिखल थेट अंगावर येऊ लागला. तरी खास पाना असला की कप बदलायला फार वेळ लागत नाही.

दरम्यान, दुसरीकडे आट्यांनाच सुट्टी मिळाली होती. कॅननडेलने 2000 साली आणलेल्या बीबी-30 मध्ये बेअरिंग थेट फ्रेममध्ये दाबून बसवतात. वजन घटलं, कारखान्याचं काम सोपं झालं. पण भोक केसभर वाकडं असेल तरी बेअरिंग तिरकं बसतं, करकरतं आणि लवकर मरतं. खोपटच्या काकांकडे त्यासाठी दाबयंत्र नाही, हातोडा चालवायची त्यांची तयारी नाही. शेवटी मोठ्या कंपन्याही माघारी वळल्या. स्पेशलाइज्डची 2020ची टारमॅक एसएल-7 आट्यांची बीबी घेऊनच आली.

दसऱ्याआधी

दसऱ्याला सायकलीला हार घालण्याआधी 'ओव्हरऑइलिंग' करायची आपली जुनी पद्धत आहे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण मराठी जिभेने त्यात तेल ओतलं आणि ते चपखल बसलं. पाऊस नुकताच सरलेला असतो, म्हणून मुहूर्तही योग्य. चेन उतरवून क्रँक हाताने फिरवा, खरखर कळते. मग क्रँक आडवी हलवून पाहा, ढिलेपणा हाताला लागतो. सुट्या छर्‍यांची बीबी दरवर्षी उघडून, धुऊन, नव्या ग्रीसने भरावी. बाहेरच्या बेअरिंगचं सील पातळ पात्याने अलगद उचलून तेच काम होतं. धुताना पाण्याचा जोराचा फवारा तिथे मारू नये. आणि भर पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीट काढून सायकल उलटी करावी.

माझी फ्रेम पोलादी. नवी बीबी बसवण्याआधी काकांनी नळकांड्याच्या तळाला बारीक भोक पाडलं. पुष्कळ फ्रेमना ते कारखान्यातूनच येतं. कार्बनच्या फ्रेमला मात्र घरी ड्रिल लावू नये. पाऊस त्यानंतरही महिनाभर होता. भिजून आलो की जिन्याखाली, बरोबर बीबीच्या खाली, रुपयाएवढा ओला डाग उमटायचा. शेजारच्या वहिनींनी तो पाहून सायकल गळतेय म्हणून सांगितलं. म्हटलं, गळू दे.