निसर्गअभ्यासक व्हायला जंगल लागत नाही

आपल्या गावाचा किंवा वॉर्डाचा निसर्ग नीट बघायला शिकायचं, त्याची नोंद ठेवायची, ती इतरांना समजावून सांगायची आणि हे सगळं पैशाच्या अपेक्षेशिवाय करायचं. स्वयंसेवी निसर्गअभ्यासकाचं काम एवढंच आहे. तरी या प्रशिक्षणाविषयी इतके गैरसमज आहेत की उत्साही माणसंही दारातूनच परत फिरतात.

पहिली शंका हमखास शिक्षणाची असते. ‘बारावीला सायन्स नव्हतं, मला जमेल का?’ पक्षीशास्त्रज्ञ सालीम अली यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि त्यापायी प्राणी सर्वेक्षण खात्यातली नोकरी त्यांना मिळाली नाही. १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना त्यांनी घराजवळची सुगरण पक्ष्यांची वसाहत बारकाईने पाहिली. घरटं नर विणतो. मादी येऊन अर्धवट झालेलं घरटं बघते आणि पसंत पडलं तर त्यात संसार मांडते. तेवढ्यावर थांबेल तो नर कसला! ते घरटं पुरं करून तो दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. सुगरणीच्या विणीचा हा सगळा क्रम त्यांनी एकाच जागी पुन्हा पुन्हा बसून उलगडला. मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी म्हणजे बीएनएचएस हौशी लोकांसाठीही वनस्पती आणि पक्ष्यांचे अभ्यासक्रम घेते. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली उभी केलेली इकॉलॉजिकल सोसायटी वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांना परिसरशास्त्र शिकवत आली आहे.

किहीमच्या या गोष्टीत दुसऱ्या गैरसमजाचंही उत्तर आहे. ताडोबाला जायला हवं, लाखाचा कॅमेरा हवा, असं अनेकांना वाटतं. शिकताना खरी गरज असते ती वही, पेन्सिल आणि ज्या जागी वारंवार जाता येईल अशा एका जागेची. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात स्वयंसेवक एकच झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं यांची नोंद करतात. सोसायटीच्या आवारातला बहावा किंवा शाळेसमोरचा कडुलिंब त्याला पुरतो. दुर्बीण मिळाली तर उत्तमच, पण ती नंतर घेतली तरी चालते.

‘आता शोधायला काय उरलंय, सगळं तर पुस्तकात आहे’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो कुतूहलच मारतो. रानपिंगळ्याचं उदाहरण बघा. या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा होता. पुढे मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमधल्या मांडवीला तो मिळवल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला जुना नमुना होता. त्या खोट्या जागेवर विश्वास ठेवून रानपिंगळा भलत्याच ठिकाणी शोधला गेला. पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी हा बनाव ओळखला, अस्सल नमुन्यांच्या जागांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातल्या तानसा परिसरातही आढळला.

म्हणूनच चांगल्या प्रशिक्षणात नावं पाठ करण्यावर भर नसतो. तारीख, वेळ, ठिकाण, किती दिसले, काय करत होते, हे आधी लिहायला शिकवतात. ओळख पटली नाही तर ‘ओळखता आलं नाही’ असंच लिहायचं. अंदाजाने ठोकून दिलेल्या नावापेक्षा ही कोरी कबुली लाख मोलाची. अशा नोंदींचं मोल मोठं असतं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात पक्ष्यांच्या ९४२ प्रजातींचा आढावा आहे. त्याला आधार आहे तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींचा, आणि त्यातले बहुसंख्य निरीक्षक हौशी आहेत.

सर्पमित्र म्हणजेच निसर्गअभ्यासक, हाही समज पक्का आहे. साप पकडणं हे वेगळं, धोक्याचं काम आहे आणि त्याला वन विभागाशी संपर्क लागतो. नाग हातात धरून फोटो काढणं म्हणजे अभ्यास नव्हे. अशा धाडसापायी आपल्याकडे तरुण पोरं गेली आहेत. साप दिसला तर लोकांना लांब ठेवायचं आणि योग्य माणसाला बोलवायचं, हे मात्र प्रत्येकाला शिकवायला हवं. घरट्याचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये, हेही त्यातच आलं. आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची व्यासपीठंसुद्धा धोक्यातल्या प्रजातींची अचूक जागा लपवतात.

झाडं लावली की निसर्गसेवा झाली असं मानणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते: आधी जागा ओळखा. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या भागातली माळरानं कागदोपत्री ‘पडीक’ ठरतात, पण लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांचं ते घर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते अशाच गवताळ जमिनीवर. तिथे खड्डे खणून रोपं लावली तर गवत जातं आणि गवताबरोबर त्यावर जगणारे जीवही जातात. माळ बघून ‘इथे काहीच नाही’ असं न म्हणणारा डोळा तयार होणं हे या प्रशिक्षणाचं मोठं फळ आहे.

ज्ञान शहरातून गावात येतं, हा समजही सोडायला हवा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात लोकांनी अभ्यासगट करून आपल्या जंगलाचा अभ्यास केला. कोणता कंद कधी काढायचा, कोणत्या गवतावर गुरं अंग धरतात, हे मेंढपाळ आणि म्हाताऱ्या बायका जाणतात. त्यांच्याकडून शिकायचं आणि नोंदीत त्यांचं श्रेय लिहायचं.

अशा स्थानिक नोंदींसाठी हक्काची जागाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर अनेक नोंदवह्या घाईघाईत भरल्या गेल्या. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जा, ती वही मागून वाचा, आणि तुमच्या ओढ्यावरचा जो पक्षी किंवा बांधावरची जी वनस्पती त्यात नसेल, ती समितीला कळवा.