शोरूममध्येही लिलाव करता येतो!

मोठी गाडी घेण्याआधी गृहिणींनी वाचावं असं थोडंसं

कांद्याला बरा भाव मिळाला, द्राक्षांचे पैसे वेळेवर हाती आले, की आमच्या लासलगावात घरोघरी एक विषय हमखास निघतो. जुनी गाडी काढायची आणि 'मोठी' घ्यायची. पूर्वी दारात जीप उभी असली की घर मोठं समजलं जाई. २००२ साली आपल्या नाशिकच्या कारखान्यातून महिंद्राची स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि जीपची जागा तिनं घेतली. आता त्याही पुढं जाऊन वीस-पंचवीस लाखांच्या, काचेचं छत आणि थंडगार सीट असलेल्या एस.यू.व्ही. गावात दिसू लागल्या आहेत.

हौसेला मोल नाही, हे खरं. पण गंमत पाहा, लग्नाचा बस्ता बांधताना आपण चार दुकानं फिरतो, साडीमागे पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि पंचवीस लाखांची गाडी मात्र एका दुपारात ठरवून घरी येतो!

त्या दुपारी आपण बायका कुठं असतो? नात्यातल्या एका घराबरोबर मी नाशिकच्या एका शोरूममध्ये गेले होते. विक्रेत्यानं किमतीचा कागद पुरुषमंडळींपुढं सरकवला आणि वहिनींना हसून विचारलं, "मॅडम, रंग कोणता आवडला?" पुढं कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून सही मात्र वहिनींचीच घेतली. मैत्रिणींनो, जिची सही कर्जावर चालते तिला किमतीचा कागदही वाचता आला पाहिजे. तो अवघड मुळीच नाही.

हिशेबपट्टी आपल्याला नवी नाही

लासलगावच्या बाजार समितीची स्थापना १९४७ सालची. आवारात ट्रॅक्टरची रांग लागते, व्यापारी प्रत्येक ट्रॉलीपाशी येतात, सगळ्यांदेखत बोली होते आणि चढत्या भावाला माल जातो. मग हातात हिशेबपट्टी येते. क्विंटलचा भाव, वजन, हमाली, तोलाई, सगळं त्यात ओळीनं लिहिलेलं. घरी पट्टी आली की आपण डोळ्यांत तेल घालून ती तपासतो. हमाली दहा रुपयांनी जास्त लागली तरी विचारतो.

शोरूममध्ये नेमकं उलट होतं. तिथं बोली उघड नसते. शेजारच्या टेबलावर तीच गाडी कितीला गेली, ते आपल्याला कळत नाही. म्हणून लिलाव आपणच घडवून आणायचा. एकाच गाडीसाठी दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी कोटेशन घ्यायचं. नाशिकला एक, जमल्यास छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला एक. आणि प्रत्येकाला एकच विनंती करायची, "सगळ्या ओळी वेगवेगळ्या लिहून द्या, खाली एकूण बेरीज मांडा आणि शिक्का मारा." तोंडी सूट ही सूट नव्हे. ती कागदावर उतरली, तरच खरी.

दीडशे मर्सिडीजची गोष्ट

एकत्र येऊन बोली लावली की काय होतं, याचं मोठं उदाहरण मराठवाड्यातलं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यावसायिक आणि सधन मंडळींनी गट करून एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. त्यातले सुमारे ४४ कोटी स्टेट बँकेनं कर्जाऊ दिले, तेही अवघ्या ७ टक्के व्याजानं. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्या वेळी याहून कितीतरी जास्त व्याज पडत होतं, म्हणून पी. साईनाथांसारख्या पत्रकारानं या व्यवहारावर कडक टीकाही केली. ती रास्तच होती.

पण गृहिणीनं त्यातून एक गोष्ट उचलावी. किंमत, व्याज, अटी हे काही दगडावर कोरलेलं नसतं. मागणारा ठाम असला आणि एकटा नसला, की ते हलतं. आपल्याला दीडशे माणसं कुठून मिळणार? पण गल्लीतली दोन घरं एकाच वेळी एकाच कंपनीची गाडी घेणार असतील, तर त्यांनी मिळून जावं. दोन गाड्यांचं गिऱ्हाईक विक्रेता सहजासहजी सोडत नाही.

कुठली ओळ हलते, कुठली नाही

आता कागद हातात घ्या. पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. ती कंपनी ठरवते आणि जी.एस.टी. तिच्यातच असतो. चार मीटरहून लांब आणि दीड हजार सी.सी.हून मोठ्या इंजिनाच्या एस.यू.व्ही.वर पूर्वी अधिभार धरून ५० टक्के कर पडे. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, तो ४० टक्क्यांवर आला. कर उतरल्यामुळे जी किंमत कमी झाली ती सरकारमुळे. तिला कुणी 'आमची खास सूट' म्हणू लागलं तर शांतपणे विचारा, "ते सरकारनं दिलं. तुम्ही काय देता?"

दुसरी ओळ रस्ता कराची. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के कर आहे. पंचवीस लाखांची डिझेल गाडी असेल तर इथंच पावणेचार लाख होतात. यात घासाघीस होत नाही, तिथं शक्ती घालवू नका.

तिसरी ओळ टी.सी.एस.ची. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का रक्कम घेऊन आयकर खात्यात भरतो. पंचवीस लाखांवर पंचवीस हजार. हे पैसे बुडत नाहीत. ज्याच्या पॅनवर गाडी आहे त्याच्या आयकर विवरणपत्रात ते जमा धरले जातात, कर लागत नसेल तर परत मिळतात. पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून ते कधीच न भरणारी घरं इथं पंचवीस हजारांना मुकतात. म्हणून गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, हे निघण्याआधी घरीच ठरवा.

चौथी ओळ विम्याची, आणि खरी गंमत इथं आहे. नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एकेक वर्षाचा घेता येतो. आणि तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती विक्रेत्याला करता येत नाही. ओळखीच्या एजंटाकडून त्याच गाडीचं कोटेशन आणा आणि दोन्ही शेजारी ठेवा. फक्त हप्त्याचा आकडा पाहू नका. विम्यात गाडीची किंमत किती धरली आहे आणि 'झीरो डेप' आहे का, हे दोन्हीकडे सारखं हवं. बाहेरचं कोटेशन दाखवलं की शोरूमचा आकडाही बरेचदा खाली येतो.

पाचवी ओळ किरकोळीची. हाताळणी खर्च, वाढीव वॉरंटी, रंगावरचं कोटिंग, चटया, सीट कव्हर. कागदाच्या तळाशी असतात म्हणून नजरेतून सुटतात. हाताळणी खर्च कशाचा, ते विचारा आणि काढायला सांगा. कोटिंग नको असेल तर नको म्हणा. चटया बाहेर स्वस्त मिळतात.

जुनी गाडी आणि नवा मुहूर्त

जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिची गोष्ट शेवटी काढा. दोन्ही सौदे एकत्र केले की इकडे दिलेली सूट तिकडे कापली जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आधी नव्या गाडीचा आकडा लेखी घ्यावा. जुनीची किंमत बाहेरच्या दोघा-तिघांकडून काढून आणावी. मगच बोलावं.

दसरा, पाडवा आला की शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. 'मुहूर्त चुकायला नको' ही आपली घाई विक्रेता ओळखून असतो. म्हणून सौदा आधी, शांत दिवसांत करावा आणि गाडी घरी आणायला मुहूर्त धरावा. देवाचंही होतं, पैशाचंही. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा गाठायचा असतो तेव्हा विक्रेता जरा सैल पडतो. डिसेंबरात वर्षाचा शिल्लक माल काढायचा असतो, तेव्हा सूट जास्त मिळते. मात्र ती गाडी जानेवारीत 'गेल्या वर्षीची' होते आणि पुढं विकताना किंमत कमी येते. दहा वर्षं वापरायची असेल तर हरकत नाही, तीन वर्षांत बदलायची असेल तर विचार करा.

काही गाड्यांना इतकी मागणी असते की सूट मिळतच नाही. स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग ३० जुलै २०२२ ला उघडलं, तेव्हा अर्ध्या तासात एक लाख गाड्यांची नोंदणी झाली. अशा वेळी किमतीवर भांडण्यात अर्थ नाही. विमा, किरकोळीच्या ओळी आणि कर्ज यांकडं वळावं. आणि बुकिंग रद्द केलं तर पैसे किती दिवसांत, किती परत मिळतील, ते पावतीवर लिहून घ्यावं.

हप्ता छोटा, कर्ज मोठं

शाळेत आठवीच्या मुलांना व्याजाची गणितं शिकवताना एक उदाहरण मी फळ्यावर नेहमी मांडते. पंधरा लाख कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांत फेडलं तर महिन्याला साधारण ३१,१४० रुपये हप्ता. सात वर्षं घेतली तर २४,१३५. "मॅडम, सात वर्षांचं चांगलं, सात हजार वाचतात!" असं मुलं म्हणतात. मग एकूण व्याज काढायला लावते. पाच वर्षांत पावणेचार लाखांच्या आत, सात वर्षांत सव्वापाच लाखांच्या वर. म्हणजे दीड लाखाहून अधिक फरक!

शोरूममध्ये हेच घडतं. "तुमचं महिन्याचं बजेट किती?" असा गोड प्रश्न येतो. त्याचं उत्तर देऊ नका. एकूण किती द्यायचे, तेवढंच विचारा. आपल्या बँकेकडून आधी व्याजदर लिहून आणा, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा दंडही विचारून ठेवा. काही बँका स्त्री कर्जदाराला व्याजात थोडी सवलत देतात, तेही विचारायला लाजू नका.

आपल्या भागात आणखी एक हिशेब आहे. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, कांद्याचा भाव तसा येत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती थेट ४ मे २०२४ ला उघडली. त्या पाच महिन्यांतही बँकेचा हप्ता ठरल्या तारखेलाच जात होता. म्हणून तेजीच्या वर्षाचा भाव धरून हप्ता ठरवू नये. मंदीच्या वर्षात मुलांची फी आणि किराणा भागून जेवढा झेपेल तेवढाच हप्ता घ्यावा. त्यासाठी गाडीचं एक मॉडेल खालचं घ्यावं लागलं तरी घ्यावं. काचेचं छत नसलं म्हणून गाडी काही कमी चालत नाही.

हार घालण्याआधी

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी सगळे फोटोच्या गडबडीत असतात. तेव्हा एकीनं तरी कागद हातात धरावेत. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र. त्यावर गाडी कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी तयार झाली ते लिहिलेलं असतं. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. उजेडात रंग बघा, किलोमीटरचा आकडा बघा, जादा चाक आणि दोन्ही किल्ल्या मोजून घ्या. हे सगळं नोंदणी होण्याआधी केलं तर उत्तम. एकदा एम.एच. १५ चा नंबर पडला की 'दुसरी गाडी द्या' म्हणणं कठीण होतं.

यात भांडण कुठंच नाही, आवाज चढवणंही नाही. बाजार समितीत भाव पटला नाही तर शेतकरी ट्रॉली वळवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आपणही "घरी विचार करून सांगतो" म्हणून उठावं. फोन संध्याकाळपर्यंत येतोच! बघा, पुढच्या खेपेला रंग विचारला की आधी कागद मागून पाहा.