चालीपुरती पेटी

आमच्या वैभववाडीत गणपतीत घरोघर भजनं असतात. महिला मंडळाची पेटी माझ्याकडे. पण इतकी वर्षं मी वाजवली ती चालीपुरतीच. सुरुवातीलाच एका बुवांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "बायांनी चालीपुरतीच वाजवची. नक्षी करूक गेलात तर सम चुकतली!" ते मनात रुतून बसलं.

गेल्या गणपतीत लेक मुंबईहून आली, ती गिटार घेऊन. दिवसभर एकच धून, 'ऑटम लीव्हज'. जोसेफ कोस्मा यांनी १९४५ मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली. जॅझवाले आधी मूळ धून वाजवतात आणि मग त्याच कॉर्डांवर ज्याचं त्याने नवं रचायचं. कॉर्ड म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर.

म्हटलं, "माका पेटीवर दाखव." पांढरी तीनचा सा धरला. पहिल्या सात कॉर्डांचे पायाचे सूर असे: म, कोमल नी, कोमल ग, कोमल ध, रे, प आणि सा. मोजून बघा, प्रत्येक पाया आधीच्यापासून चौथा! तिसऱ्या कॉर्डला वाटतं घर आलं, पण खरं घर सातव्याला.

सगळे सूर आसावरी थाटाचे. फक्त पंचमावरच्या कॉर्डला कोमल नी सोडून शुद्ध नी घ्यायचा, तोच 'सा'कडे ओढून नेतो. मधे हवं तसं फिरा, कॉर्ड बदलली की तिच्यातल्या एखाद्या सुरावर टेका. लेक हसली, "आई, तुका ह्या आधीच येता गो!"

आणि हे परकं तरी कुठे? गोव्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर व्हाझ, मुंबईत जॅझची ट्रम्पेट वाजवायचे. 'अलबेला'च्या (१९५१) संगीतात ते आपल्या सी. रामचंद्रांच्या साथीला होते.

त्या रात्री गजरात मी पहिल्यांदा चाल सोडली. हात थरथरत होते. पण या वेळी मुक्काम कुठे आणि टेकायचं कुठे, हे ठाऊक होतं. दोन आवर्तनं फिरले आणि 'सा'वर आले, नेमकी पखवाजाच्या समेवर. टाळ वाजवणाऱ्या काकी नुसत्या मान डोलावून हसल्या.

मैत्रिणींनो, मला धाडसाची उणीव नव्हती. परतीची वाट कुणी दाखवली नव्हती, एवढंच.