बोरघाटातील दगडी पूल

धार-देवासकडील मराठी कुटुंबे सुटीत पुण्यास निघाली की इंदूर-पुणे गाडीने कर्जतवरून बोरघाट चढतात. बोगदा आला की मुले आरोळ्या ठोकतात. पूल आला की वडीलधारेही खिडकीशी सरकतात. याच वाटेवरचा एक भव्य दगडी पूल बांधून झाल्यावर चारच वर्षांत ढासळला होता, ही हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खंडाळ्याजवळचा जो ‘अमृतांजन पूल’ एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला, त्यास पुष्कळ लोक रेल्वेचा पूल म्हणत. तो १८३० सालचा, गाडीरस्त्याचा पूल. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉन मालकम. १८१८ च्या मंदसोर तहामुळे माळव्यास ते चांगलेच परिचित आहेत.

आम्ही सांगतो तो पूल जी. आय. पी. रेल्वेचा. प्रत्येकी ५० फुटांच्या आठ कमानी असलेल्या या पुलाचे नाव इंग्रजी दप्तरात ‘म्हौ-की-मल्ली’ असे आढळते. इंग्रज आपल्या महू छावणीचे नावही त्याच अक्षरांनी लिहीत. परंतु दोहोंचा काडीमात्र संबंध नाही.

घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. वाट सुमारे सोळा मैलांची, पण चढ १,८३१ फुटांचा. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ साली ४२,००० मजूर येथे राबत होते. त्यांची मजुरी पोटठेकेदार अडवून ठेवीत. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संताप अनावर होऊन दंगा उसळला, चौकशी झाली आणि मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी १८६० साली कायदा करण्यात आला. पटकीनेही अनेकांचे बळी घेतले. पहिला ठेकेदार फेव्हिएल निघून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, येथे येताच थोड्याच दिवसांत निवर्तला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने इंजिनियरांच्या साहाय्याने ठेका पुढे चालविला. परक्या मुलखात, त्या काळी, एका विधवेने हा भार उचलावा, हे आम्हांस विशेष वाटते.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. पुढे जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तो आठ कमानींचा पूल कोसळला. बाहेरून घडीव चिऱ्यांची देखणी भिंत, आत मात्र चुन्यात नीट न बसविलेल्या ओबडधोबड दगडांचा भराव, आणि दोहोंस जखडून ठेवणारे आरपार दगड अगदी तुटपुंजे! पाहणाऱ्यास हा दोष दिसणार तरी कसा? मग कंपनीच्या इतर दगडी पुलांचीही तपासणी झाली आणि कित्येक बांधकामे नव्याने करावी लागली.

बर्कली यांना यातले काहीच पाहावे लागले नाही. उद्‌घाटनाच्या आठ महिने आधीच, ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी इंग्लंडात त्यांचे निधन झाले होते.