आकाशाचे अंतर आणि घाटाचे अंतर

इंदूरहून मुंबई किती दूर, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती सुमारे ५०५ किलोमीटर भरते. आग्रा–मुंबई मार्गाने हेच अंतर ५८५ च्या घरात जाते. आणि उज्जैन, रतलाम, बडोदा असा वळसा घेणाऱ्या आगगाडीने आठशेहून अधिक किलोमीटर कापावे लागतात.

विमानाची वाट सर्वांत आखूड खरी. पण तेथेही हिशेब सरळ नाही. ताशी ८०० किलोमीटर वेग धरल्यास हा पल्ला चाळीस मिनिटांचा. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात आपली पाळी येण्याची वाट पाहणे, हे सारे त्यात धरावे लागते. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचणे आणि दोन्हीकडचा शहरातील प्रवास मिळवला, की घरापासून घरापर्यंत पाच-सहा तास सहज जातात.

मानपूरच्या रहिवाशाची गंमत आणखी निराळी. महूच्या पुढे, विंध्याच्या कडेवर वसलेले हे गाव इंदूरपेक्षा मुंबईला सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर जवळ. तरीही विमानासाठी त्याला मुंबईकडे पाठ फिरवून, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर उत्तरेस, बिजासन टेकडीजवळच्या विमानतळावर जावे लागते. उलट मोटारीने निघाल्यास समोर घाट उतरतो. खलघाटला नर्मदा, सेंधव्यापुढे पुन्हा बिजासन मातेचाच घाट, मग शिरपूर, धुळे, नाशिक आणि कसारा. म्हणजे आकाशमार्गी असो वा भूमार्गी, बिजासनीचे दर्शन दोघांनाही घडते!

हा हिशेब केवळ करमणुकीचा नाही. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची निम्मी सोयरीक नर्मदेपलीकडे आहे. रात्री नऊला आजारपणाचा निरोप आला, तर सकाळच्या विमानाची वाट पाहावी की तत्काळ निघावे? मुंबईसाठी दोन्ही वाटांनी माणूस जवळपास सारख्याच वेळी पोहोचतो. धुळे, मालेगाव किंवा नाशिकला जायचे असेल, तर विमानाचा विचारच नको, रस्ताच जवळचा. मात्र रात्री घाट उतरायचा तर गाडी ताज्या दमाच्या हाती असावी, शोकाकुल माणसाच्या नव्हे.

दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन इंदूरला खांडव्याच्या लोहमार्गाशी जोडण्याची सोय केली. खानदेशाकडे थेट उतरणारी गाडी मात्र तेव्हा आली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा इंदूर–मनमाड लोहमार्ग ती उणीव भरून काढण्यासाठी आहे. तो पुरा होईल त्या दिवशी मुंबईचे आकाशातील अंतर तसूभरही घटणार नाही. पण धुळ्याची लेक आणि इंदूरचे माहेर यांच्यातील अंतर निश्चित कमी होईल.