छारी-ढंढच्या कांठचे पाषाण-शंख

कच्छांतील भूजच्या वायव्येस छारी नांवाचें खेडें आहे. त्याच्या शेजारीं एक विस्तीर्ण पण उथळ तळें आहे. त्यास छारी-ढंढ म्हणतात. पावसाळ्यांत तें भरतें, अवर्षणांत कोरडें पडतें. जवळच्या कीरो टेकडीच्या उतारांवर मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले पाषाण आढळतात. यांस अमोनाइट ही संज्ञा आहे. सुमारें 16 कोटी वर्षांपूर्वीं, ज्युरासिक काळांत, येथें समुद्र होता. त्याच्या गाळांत गाडल्या गेलेल्या प्राण्यांचे हे शंख होत. पुढें त्या गाळाचा खडक झाला व भूमि वर उचलली गेली. आतां पावसाचें पाणी मऊ थर झिजवितें आणि कठीण शंख उघडे पडतात.

असा शंख खिशांत घातला म्हणजे संग्रह झाला काय? आमच्या मतें नाहीं. फर्डिनांड स्टोलिच्का यांनीं कच्छांतील खडकांचे थर क्रमवार लाविले होते. म्हणूनच विल्हेल्म वागेन यांस 1873 ते 1875 या काळांत येथील शंखांचें वर्णन थरांनुसार प्रसिद्ध करितां आलें. त्यांतील एका थरसमूहास याच खेड्याचें नांव आहे. स्थळ व थर यांची नोंद नसलेला शंख केवळ शोभेची वस्तु उरतो.

छारी-ढंढ 2008 मध्यें संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झालें. तेथें परवानगीवांचून आपण कांहीं उचलूं नये; पाहावें, चित्र काढावें, थर टिपून ठेवावा. शंख जागेवर राहिला, तर पुढील अभ्यासकास त्याची साक्ष घेतां येईल.