लाल पान नव्हे, झाड विका

व्हिडिओत राहिलेला मुद्दा इथे सांगतो.

माझ्या नर्सरीतून एका काकांनी लाल पान बघून फ्लेमथ्रोअर पाम नेला. पंधरा दिवसांत परत आले. "अहो, पान हिरवं झालं की! फसवलंत मला." चूक माझीच होती, आधी सांगितलंच नव्हतं.

हा पाम मूळचा न्यू कॅलेडोनियाचा. त्याचं नवं पान अँथोसायनिनमुळे लाल निघतं आणि हरितद्रव्य वाढलं की दहा-पंधरा दिवसांत हिरवं होतं. हा रोग नाही. पुढचं पान पुन्हा लालच येतं, पण वर्षाला पानं मोजकीच.

कायम लाल हवं असेल तर लिपस्टिक पाम. पोफळीच्या शेंड्याखाली पानांची बुडं गुंडाळून झालेली गुळगुळीत हिरवी नळी असते ना? ती यात लालभडक असते. मात्र हा मलेशिया-सुमात्राच्या दलदलीतला. थंडी आणि कोरडी माती त्याला सोसत नाही. नाशिकच्या गच्चीसाठी देऊ नका.

विकताना दोनच गोष्टी सांगा: रंग कुठे आहे आणि किती दिवस टिकेल. काकांना पैसे परत देऊ केले, पण सगळं समजल्यावर त्यांनी झाड ठेवलं. हेच मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.